पोपटीतला अनोळखी कंद

थंडी पडून वालाच्या शेंगा भरल्या, की कर्जत-खालापुरात शेताच्या बांधावर पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा व जाडे मीठ. तोंडाशी पाला कोंबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ. हल्ली ठाकूर, कातकरी बायकांच्या टोपलीतले कंद पाहून हौशी पाहुणे तेही मडक्यात टाकतात. हौस चांगली, पण कंद कोणता, हे आधी विचारावे.

कारण पोपटीत पाणी घालत नाहीत. शेंगा-पाल्याच्या ओलाव्याच्या वाफेवरच सारे शिजते. एखाद्या कंदातले जे उकडून पाण्याबरोबर फेकून द्यायचे, ते इथे मडक्यातच राहते.

रताळे, कोनफळ, कणगर यांची अडचण नाही. स्वच्छ धुऊन, मोठे असल्यास तुकडे करून घालावेत. मात्र आत कच्चे राहता कामा नयेत. करांद्याचे तसे नाही. वेलीवर लागणाऱ्या या कंदात गोडे व कडू असे दोन प्रकार. गोडे करांदेही मिठाच्या पाण्यात उकडून, पाणी ओतून, साल काढून मगच पोपटीसोबत घ्यावेत. कडू करांद्यातील द्रव्ये यकृताला घातक ठरू शकतात. आदिवासी मंडळी त्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मग खातात. हे काम जाणत्याचेच. नुसत्या रूपावरून दोन्ही ओळखण्याचे धाडस मी स्वतः करत नाही. विकणाऱ्या बाईला विचारतो. शिजलेला कंद कडू लागला तर थुंकून टाकावा. मसाल्याने कडूपणा झाकतो, विकार झाकत नाही.

सुरणात सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात, म्हणून घशाला खाज सुटते. चिंच किंवा आमसुलाच्या पाण्यात तो नीट शिजवावा, कच्चा मडक्यात घालू नये. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी सुरण टाळलेलाच बरा.

मधुमेही वाचकांनी कंदाला भाजी समजू नये. त्यात पिष्ट भरपूर असते. बटाटा, रताळे, कोनफळ खाल्ले, तर त्या प्रमाणात भात-भाकरी कमी करावी.

घशाला खाज सुटल्यास थंड पाण्याने चुळा भराव्यात, गार दूध प्यावे. ओठ-जीभ सुजली, श्वास अडू लागला, उलट्या थांबेनात किंवा पुढे काही दिवसांत डोळे पिवळे दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. उरलेला कच्चा कंद सोबत न्यावा.