बर्फातलं खुराडं

ही जानेवारीतली गोष्ट. आमची शाळा वाईच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर आहे. महाबळेश्वर इथून फार लांब नाही. एखाद्या वर्षी थंडी कडाक्याची पडली, की तिकडे वेण्णा तलावाच्या काठाला दवाचे थेंब गोठतात आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. तसाच एक फोटो मी वर्गात दाखवत होते. मुलं "बर्फ! बर्फ!" करत टेबलाभोवती गोळा झाली. चौथीतली एक मुलगी मात्र जागची हलली नाही. मधल्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, आज्जीनं काल रात्री खुराड्यावर तीन पोती टाकली. कोंबड्या गारठून मरतील म्हणाली. मग जिथं खराखुरा बर्फ पडतो, तिथं कोंबड्या जगतात कशा?"

तिच्या घरी सात कोंबड्या आहेत. अंडी विकून तिच्या वह्या-पेन्सिली येतात, हे मला ठाऊक होतं. म्हणजे प्रश्न नुसता गमतीचा नव्हता.

"उद्या सांगते," मी म्हटलं. (उत्तर येत नसलं, की आम्ही शिक्षक असंच म्हणतो, बरं का!)

माझी धाकटी मावसबहीण कॅनडात, क्वेबेक नावाच्या प्रांतात राहते. मॉन्ट्रियल शहरापासून तासाभराच्या अंतरावर एका खेड्यात तिचं घर आहे आणि परसात तिनं कोंबड्या पाळल्या आहेत. आपल्याकडे रात्र होते तेव्हा तिकडे सकाळ असते. जेवणं झाल्यावर तिला फोन लावला आणि मुलीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आधी ती हसली. मग थोडा वेळ गप्प झाली.

"ताई," ती म्हणाली, "पहिल्या हिवाळ्यात माझी एक कोंबडी गेली. गेली म्हणजे काय, मीच मारली म्हण ना!"

झालं होतं असं. पहिल्या वर्षी तिनं पाच कोंबड्या आणल्या. तीन तांबड्या ऱ्होड आयलंड रेड आणि दोन पांढऱ्याशुभ्र लेगहॉर्न. लेगहॉर्न तुम्ही चित्रात तरी पाहिली असेल. डोक्यावर मोठा लालभडक तुरा, आणि कोंबडीचा तो तुरा एका बाजूला ऐटीत कललेला. राहायला लाकडी खुराडं, आपल्याकडच्या शेळ्यांच्या गोठ्याएवढं. तिथं थंडीत रात्री पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. घरातल्या फ्रीजमध्ये बर्फ जमतो ना, त्या कप्प्याइतकी किंवा त्याहून जास्त थंडी! माझ्या बहिणीचा जीव घाबरा झाला. नवऱ्याला घेऊन तिनं खुराड्याची एकूण एक फट बुजवली. दाराला चिंध्या, छपराखालच्या झरोक्यांना प्लास्टिक. वारा म्हणून आत येईना. कोंबड्या आता सुखात, असं म्हणून ती निवांत झोपली.

आठवड्याभरात आत वेगळंच दिसायला लागलं. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाचा पापुद्रा. खालचा भुसा हाताला ओलसर. आणि वास असा, की डोळे चुरचुरावेत. एस. टी. स्टँडवरच्या मुतारीपाशी येतो ना, तसला. तो वास अमोनिया वायूचा, कोंबड्यांच्या ओल्या विष्ठेतून निघणारा. मग दोन्ही लेगहॉर्नच्या तुऱ्यांची टोकं आधी पांढुरकी झाली आणि काही दिवसांनी काळी पडली. एक कोंबडी घुरघुरू लागली. डोळ्यांतून, नाकातून पाणी. जानेवारी संपायच्या आत ती गेली.

शेजारच्या शेतावर एक आजीबाई राहतात. सगळा जन्म त्यांचा कोंबड्या पाळण्यात गेला. त्या आल्या, खुराड्यात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. एक शब्द बोलल्या नाहीत. सरळ स्टुलावर चढून छपराखालचं प्लास्टिक टराटरा फाडून टाकलं. माझी बहीण ओरडतेय, "अहो, मरतील त्या!" त्यावर आजीबाई म्हणाल्या, "थंडीला कोंबडी पुरून उरते, पोरी. ओलीला नाही."

आता हे कसं काय? तुम्ही एक करून बघा. सकाळी गार पडलेला स्टीलचा पेला घ्या आणि त्यावर तोंडानं 'हाऽ' करून वाफ सोडा. पेला धुरकट होईल, बोट फिरवलं तर ओलं लागेल. आपल्या श्वासात पाण्याची वाफ असते, कोंबडीच्याही असते. शिवाय कोंबडी वेगळी लघवी करत नाही. तिच्या शरीरातलं टाकाऊ पाणी विष्ठेबरोबरच बाहेर पडतं. पाच कोंबड्या बंद खोलीत रात्रभर बसल्या, तर ही वाफ जाणार कुठे? ती भिंतींवर, काचेवर, पिसांवर आणि तुऱ्यावर बसते. ओला झालेला तुरा कोरड्या तुऱ्यापेक्षा लवकर गोठतो. याला हिमदंश म्हणतात. हिमालयात चढणाऱ्या गिर्यारोहकांच्या बोटांना होतो, तोच.

एरवी कोंबडीची तयारी जबरदस्त असते. तिच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस. आपलं एवढं झालं, तर आई धावत डॉक्टरांकडे नेईल! ही ऊब टिकवायला तिच्याकडे पिसांची गोधडी आहे. थंडी वाजली, की कोंबडी पिसं फुलवते आणि चेंडूसारखी दिसू लागते. ऊब धरते ती पिसांच्या मधोमध अडकलेली हवा. पिसं ओली झाली, की ती चिकटतात, मधली हवा निघून जाते आणि गोधडीचं नुसतं फडकं होतं. वाऱ्याचा झोत थेट अंगावर आला तरी तेच. म्हणून झरोके हवेत, पण कोंबड्या बसतात त्याच्या वर, छपरालगत. दमट हवा वरून निघून जाते आणि झोपलेल्या कोंबडीला वारा लागत नाही.

पाय मात्र उघडे. त्यांचं काय? पक्ष्यांच्या पायांत शुद्ध आणि अशुद्ध रक्ताच्या नळ्या शेजारी शेजारी असतात. खाली जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकतं. त्यामुळे पाय गार राहतात, पण अंगातली ऊब वाया जात नाही. तरी बोटं गोठू नयेत म्हणून आजीबाईंनी बहिणीला बसायचा गोल दांडा काढायला लावला आणि चार बोटं रुंदीची सपाट फळी ठोकायला सांगितली. सपाट फळीवर कोंबडी पाय पसरून बसते आणि पोटाखालची पिसं बोटांवर पांघरुणासारखी येतात. चोच पंखात खुपसली, की झाली रात्रीची सोय.

जमिनीवर त्यांनी गादी पद्धत केली. हे नाव आपल्याकडचे कुक्कुटपालनवालेही वापरतात. लाकडाचा भुसा वीतभर जाडीचा पसरायचा, वरचेवर खालीवर करायचा आणि कोरडा भुसा वरून घालत राहायचा. खालच्या थरात विष्ठा हळूहळू कुजते आणि थोडी ऊबही देते. आपला उकिरडा हिवाळ्यात सकाळी वाफाळतो, तसंच. वसंतात हा सगळा भुसा खत म्हणून बागेत जातो.

तुऱ्याची गोष्ट राहिलीच की! कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते आणि तुऱ्यातून, चोचीखालच्या लाल पाळ्यांतून अंगातली उष्णता बाहेर टाकते. तिथं रक्त भरपूर आणि पिसं नाहीत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मोठा तुरा म्हणजे वरदान. बर्फात तोच तुरा आधी गोठतो.

ही अडचण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका साधूच्या लक्षात आली होती. माझ्या बहिणीच्या घराजवळच ओका नावाचं गाव आहे. तिथं ख्रिस्ती साधूंचा मठ होता आणि मठाची शेतीशाळा होती. तिथले ब्रदर विल्फ्रिड शातलँ कोंबड्यांची देखभाल करत. त्यांनी पाहिलं, की कॅनडात पाळल्या जाणाऱ्या सगळ्या कोंबड्या परदेशांतून आणलेल्या. इथल्या हिवाळ्यासाठी म्हणून एकही जात तयार झालेली नाही. मग १९०७ च्या सुमारास ते कामाला लागले. वेगवेगळ्या जातींचे कोंबडे-कोंबड्या निवडायच्या, त्यांची पिल्लं वाढवायची, त्यांतून लहान तुऱ्याची, भरल्या अंगाची, हिवाळ्यातही अंडी देणारी कोंबडी पुन्हा निवडायची. यात वर्षांमागून वर्षं गेली. त्यांनी ज्या जाती घेतल्या त्यांत लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेडही होत्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या खुराड्यातल्याच! अखेर तयार झाली पांढरी शाँतक्लेर. तिचा तुरा म्हणजे डोक्याला चिकटलेली इवलीशी उशी, आणि पाळ्या तर जवळजवळ नाहीतच. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने या जातीला मान्यता दिली.

पुढे मोठमोठी पोल्ट्री फार्म आली आणि लोक शाँतक्लेरला विसरले. १९७९ च्या सुमाराला तर ही जात संपली, असंच मानलं गेलं. पण लहान लहान शेतांवर कुणी कुणी ती हौसेनं जपली होती. तिथून ती पुन्हा वाढली. १९९९ मध्ये क्वेबेकने कायदा करून इथली गाय, इथला घोडा आणि ही कोंबडी यांना प्रांताचा वारसा ठरवलं. कोंबडीसाठी कायदा! मला तर फार आवडलं हे.

आता माझ्या बहिणीकडे तीन शाँतक्लेर आहेत. काळ्या टोकांची ती लेगहॉर्नही अजून आहे. तुऱ्याला टोकं नाहीत, पण बाकी ठणठणीत.

हिवाळ्यातलं मोठं काम म्हणजे पाणी. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. पाणी मिळालं नाही, तर कोंबडी अंडी देत नाही आणि खाणंही सोडते. पण बाहेर ठेवलेलं भांडं बघता बघता दगड होतं. माझी बहीण रबराची भांडी वापरते. उलटं करून पाय दिला, की बर्फाचा गोळा टपकन बाहेर! दिवसातून तीनदा कोमट पाणी घेऊन ती गुडघाभर बर्फातून जाते. अंडी पण लगेच गोळा करावी लागतात, नाहीतर आतून गोठून तडकतात.

संध्याकाळी ती थोडा मका टाकते. रात्रभर तो पचत राहतो आणि अंगात ऊब राहते. शिवाय बारीक खडे लागतात. कोंबडीला दात नाहीत, दाणे पेट्यात खड्यांनी दळले जातात. एरवी ती अंगणातून खडे टिपते, पण हिवाळ्यात अंगण बर्फाखाली! मातीत लोळायलाही मिळत नाही, म्हणून खोक्यात वाळू आणि चुलीची राख. आणि गंमत म्हणजे, पांढऱ्या बर्फावर पाऊल टाकायला कोंबड्या घाबरतात. दारात येऊन मान वाकडी करून बघतात आणि परत फिरतात. बर्फ ओढून वर पेंढा पसरला, की मग कुठे बाईसाहेब बाहेर येणार. दिवसभर आत कोंडल्या, तर कंटाळून एकमेकींना टोचतात. त्यासाठी छताला दोरीनं कोबीचा गड्डा टांगतात. उड्या मारत टोचत बसतात त्याला.

दिवा लावून खुराडं गरम का करत नाही, असं मी विचारलं. तर म्हणाली, "नाही गं ताई. उष्णतेचा दिवा पडला, की भुशाला आग लागते. अशी किती तरी खुराडी जळतात. आणि वीज गेली तर? उबेची सवय झालेल्या कोंबड्या एका रात्रीत आडव्या होतील." साधा छोटा दिवा ती पहाटे थोडा वेळ लावते, पण तो उजेडासाठी. भरपूर अंडी द्यायला कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. तिकडे डिसेंबरात दिवस नऊ तासांचाही नसतो. आपल्याकडे सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास भरतो. आजीबाईंना हे पसंत नाही. त्या म्हणतात, हिवाळ्यात कोंबडीला सुट्टी द्यावी. मला विचाराल तर मी आजीबाईंच्या बाजूची आहे.

दुसऱ्या दिवशी हे सगळं मी वर्गात सांगितलं. ती मुलगी मान डोलावत ऐकत होती. मी तिला एवढंच म्हटलं, "सकाळी उठल्यावर पोत्याला खालून हात लावून बघ."

तिसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशीच उभी होती. "बाई, ओलं होतं! थेंब होते खालून!" आज्जीनं आधी ऐकलं नाही म्हणे. पण पोत्याला स्वतः हात लावून पाहिल्यावर तिनं दोन पोती काढली. उरलेलं एक वारा येतो त्या बाजूला उभं बांधलं आणि वरची फट मोकळी ठेवली. खालचा ओला कोंडाही बदलला.

मग मोबाइलवरचा शाँतक्लेरचा फोटो सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिला. "हिला तुराच नाही!" एकजण ओरडला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, हिला मे महिन्यात आपल्याकडे आणली तर?"

ते मी बहिणीला आधीच विचारून ठेवलं होतं. तिकडे जुलैत ऊन जरा चढलं, तरी शाँतक्लेर दिवसभर झाडाखाली चोच उघडून बसतात, आणि काळ्या टोकांची लेगहॉर्न भर उन्हात किडे शोधत हिंडते.