आकाशाची वाट आणि खुराड्याचे दार

लखनौच्या चारबाग स्थानकावर चहू दिशांच्या गाड्या येतात. घुमटांच्या आणि मिनारांच्या त्या देखण्या वास्तूत नाना प्रांतांचे प्रवासी घटकाभर एकत्र येतात आणि आपापल्या मार्गाने निघून जातात. याच शहरातून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उन्नाव जिल्ह्यात, नवाबगंजचे तळे आहे. तेही एक स्थानकच होय. मात्र तेथील प्रवासी पंखांचे. हिवाळा लागला की हिमालय ओलांडून आलेली तलवार बदके, थापटे आणि चक्रवाक तेथे उतरतात, स्थानिक पाखरांच्या संगतीने चरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. माणसांच्या स्थानकावर सामानाची देवघेव होते, तशी या स्थानकावर विषाणूंची होते.

या देवघेवीची आठवण लखनौकरांना 2025 च्या मे महिन्यात फार तीव्रतेने झाली. गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघीण मरण पावली आणि तिच्या शरीरात पक्ष्यांच्या इन्फ्लुएन्झाचा, म्हणजे बर्ड फ्लूचा, विषाणू आढळला. तत्काळ लखनौच्या प्राणिसंग्रहालयाचे दरवाजेही लोकांसाठी बंद करण्यात आले. त्यापूर्वी काही महिनेच नागपूरजवळच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले होते, तर लातूर जिल्ह्यात उदगीर येथे कावळे मरून पडले होते. कोंबडीचा म्हणून ओळखला जाणारा रोग वाघाच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

या विषाणूचे मूळ घर म्हणजे रानबदकांचे आतडे. तेथे तो बहुधा निरुपद्रवी भाडेकरूसारखा राहतो. बदक आजारी दिसत नाही; उडते, पोहते आणि विष्ठेवाटे विषाणू पाण्यात सोडते. थंड पाण्यात तो अनेक दिवस तग धरतो, कडक उन्हात मात्र लवकर नाश पावतो. अशा तळ्यावर गावातील बदके चरावयास गेली, किंवा तेथील चिखल कोणाच्या पायताणाला लागून कोंबड्यांच्या घरात आला, की विषाणूला नवे बिऱ्हाड मिळते.

आणि हे बिऱ्हाड कसे? एका छपराखाली, एकाच वयाची आणि एकाच वाणाची हजारो पाखरे दाटीवाटीने उभी. या गर्दीत विषाणू एका कोंबडीतून दुसरीत जाताना स्वतःत बदल घडवीत जातो. त्याच्या कवचावरील एक प्रथिन कापले गेल्याखेरीज त्याला पेशीत शिरता येत नाही. सौम्य विषाणूचे ते प्रथिन कापणारे द्रव्य केवळ आतड्यात आणि श्वासमार्गात असते. परंतु एच-5 आणि एच-7 या जातींत कधीकधी असा बदल होतो की, शरीरातील कोणत्याही पेशीचे द्रव्य ते काम करू शकते. मग साऱ्या देहाची दारे एकदम उघडतात आणि दोन-चार दिवसांत कोंबड्यांचा खच पडतो. सौम्य पाहुणा रानातून येतो. त्याचा मारेकरी होतो तो माणसाने बांधलेल्या घरात.

तरीही दोष पाखरांवर जातो, आणि ही सवय जुनी आहे. 1957 साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली व माणसांनाही ताप येऊ लागला. तेथे सापडलेला विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी नाते सांगणारा होता. साहजिकच, उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांनी तो आणला असावा, असा संशय आला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, हजारो पाखरांच्या पायांत कडी घातली. पाखरांवरील आरोप सिद्ध झाला नाही. विषाणू त्याच रानातील गोचिडांत वस्ती करून असल्याचे दिसून आले. पण त्या कड्यांमुळे पाखरांच्या वाटा मात्र पुष्कळ उमगल्या.

बर्ड फ्लूच्या बाबतीत पाखरे सर्वस्वी निर्दोष नाहीत; परंतु वाट दुहेरी आहे. आजच्या उग्र विषाणूचा पूर्वज 1996 साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत आढळला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये अठरा माणसांना त्याची बाधा होऊन सहा जण मृत्यू पावले. 2005 साली त्याच वंशातील विषाणूने चिंघाई सरोवरावर हजारो रानपाखरे मारली. त्यांत पट्टकादंब हंस बहुसंख्य होते. हे हंस हिवाळ्यात आपल्या देशातील जलाशयांवर येतात. रानातून आलेला रोग माणसाच्या आवारात उग्र झाला आणि रानात परतला, असाच याचा अर्थ आहे.

भारतात तो प्रथम उघडकीस आला महाराष्ट्रात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत हा विषाणू असल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेने निश्चित केले व 18 फेब्रुवारी 2006 रोजी ती वार्ता देशभर पसरली. लाखो पाखरे मारून पुरावी लागली. मोठ्या शेडमालकाचे भांडवल बुडाले, त्याचप्रमाणे चार कोंबड्यांवर मिठामिरचीचा खर्च चालविणाऱ्या आदिवासी घराचे अंगणही सुने झाले. नीट शिजविलेल्या मांसातून हा रोग होत नाही, हे सांगूनही लोक ऐकेनात, आणि जेथे रोग नव्हता तेथीलही धंदा बसला.

मग उपाय कोणता? आकाशाला कुंपण घालता येत नाही, आणि तळी आटवून पाखरे हुसकावली तर ती रोगासह नव्या ठिकाणी जातील. दार लावावयाचे ते खुराड्याचे. शेडला जाळी असावी. पिण्याचे पाणी उघड्या तळ्यातले नसावे. दाराशी पायताणे बदलावीत. बाजारातून परतलेले पिंजरे आणि अंड्यांचे ट्रे धुतल्यावाचून आत येऊ नयेत. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नये. कावळा आणि कुत्रा तिथूनच रोग उचलतात. वाघाच्या भोजनातही ती जाता कामा नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळीच वर्दी देणे. मानमोडीवर लस टोचून घेणारा शेतकरी, कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तरी ती मानमोडीच असेल, असे स्वतःला समजावतो. कारण खरे सांगितले तर उरलेली पाखरेही जातील, ही भीती त्याच्या मनात असते. मारलेल्या पाखरांची भरपाई शासन देते. ती पुरेशी आणि लवकर हाती पडली, तरच तो निर्भयपणे बोलेल. त्याने लपविलेला एक दिवस विषाणूला दहा गावे देऊन जातो.

हिवाळ्यात नवाबगंजच्या तळ्यावर पाखरे पुन्हा उतरतील. त्यांची वाट माणसाच्या हाती नाही. शेडचे दार मात्र त्याच्याच हाती आहे.