टपाचे अस्तर का लोंबते?

दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारीत टपाला आतून लावलेले कापड पुष्कळदा सुटते आणि मांडवाच्या कापडासारखे डोक्यावर लोंबू लागते. त्यामुळे मागच्या काचेतून दिसणारा रस्ता झाकला गेला, तर प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. अशा वेळी सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे अधिक पक्का गोंद आणणे. पण त्या गोंदाने चिकटवलेले कापडही एक उन्हाळा सरण्याच्या आत पुन्हा खाली येते. असे का व्हावे?

आधी थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर अस्तराचे वजन ३०० ग्रॅम धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरच्या वाट्याला केवळ ०.०३ ग्रॅम भार येतो. एवढा भार वहीला लावायचा साधा डिंकही सहज पेलतो. म्हणजे गोंदाची ताकद कमी पडते, हे उत्तर बरोबर नाही.

खरे उत्तर अस्तराच्या रचनेत आहे. टपाच्या पत्र्याखाली तंतू दाबून केलेला साचेबंद फळा असतो. त्यावर काही मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम आणि फोमला जोडलेले कापड असते. गोंद असतो तो फळा आणि फोम यांच्यामध्ये. फोमच्या लांबलचक रेणूंवर उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांचा परिणाम होतो. ज्या फोममध्ये एस्टर बंध असतात, त्याचे रेणू हवेतील बाष्पानेही तुटतात. वर्षानुवर्षे असे घडत गेले की फोमचा भुगा होतो. लोंबणारे कापड काढून फळ्यावर बोट फिरवले, तर बोटाला पिवळसर भुगा लागतो. त्याखालचा जुना गोंद मात्र बहुधा जागेवरच असतो. सुटला तो गोंद नव्हे, फोम!

हे वर्गात सहज दाखवता येईल. काचेच्या पट्टीच्या अर्ध्या भागावर टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. पूर्ण पट्टीवर चिकटपट्टी दाबून बसवा आणि उचला. पावडरीच्या भागावरून ती अलगद निघते. आता चिकटपट्टीची खालची बाजू पाहा. ती पावडरीने माखलेली दिसेल. म्हणजे चिकटपट्टी चिकटली होती, पण पावडरीला. आणि पावडर काचेला धरून नव्हती. भुग्यावर लावलेल्या गोंदाचे हेच होते. सांध्याची ताकद त्याच्या सर्वांत दुबळ्या थराइतकीच असते.

म्हणून पहिले काम साफसफाईचे. फळा गाडीबाहेर काढून मऊ ब्रशने सगळा भुगा खरवडावा. तोंडाला फडके बांधावे, कारण ही धूळ श्वासावाटे जाणे बरे नाही. जुने कापड पुन्हा वापरू नये. त्याच्या पाठीवरचा फोम तितकाच म्हातारा झालेला असतो.

आता गोंदाची निवड. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या मोटारीचा टप ७० अंश सेल्सिअसच्या पुढेही तापू शकतो. सुतारकामाचा पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. ते ३०-४० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. मऊ गोंदावर अगदी हलका भार दिवसेंदिवस राहिला, तरी सांधा हळूहळू सरकतो. कागद-पुठ्ठ्यासाठी असलेले साधे फवाऱ्याचे गोंदही याच कारणाने उन्हाळ्यात दगा देतात.

येथे उपयोगी पडते ते निओप्रीन रबर. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटातील आर्नल्ड कॉलिन्स यांना ते १९३० मध्ये मिळाले. त्याच्या गोंदात फिनॉलिक रेझिन आणि मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळले, की तो बरीच उष्णता सोसतो. डब्यावर 'उष्णतारोधक' असे लिहिलेले आहे ना, आणि किती अंशांपर्यंत, हे पाहून घ्यावे.

तो लावायचा कसा, हे सायकलचे पंक्चर काढणाऱ्याकडून शिकावे. तो ट्यूब घासतो, सोल्युशन लावतो, ते सुकू देतो आणि मगच ठिगळ दाबतो. निओप्रीनचा गोंदही फळा आणि फोम अशा दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला ओला लागेनासा होईपर्यंत थांबावे लागते. मग दोन्ही थर टेकताच रबराचे रेणू एकमेकांत शिरतात आणि गुंततात. घाई केली तर अडकलेला द्रावक गोंद मऊ ठेवतो आणि उन्हात फुगे येतात. फार उशीर केला तर पृष्ठभागावरील रेणूंची हालचाल मंदावते आणि ते गुंतत नाहीत. गोंदाचा थर जाड झाला तर तो फोममधून झिरपून कापडावर डाग पडतो.

थर टेकले की कापड सरकवता येत नाही. म्हणून ते मधोमध दुमडून आधी अर्धे बसवावे आणि तळव्याने मध्यापासून कडेकडे हलके दाबत जावे. फळ्याच्या खोलगट भागात कापड ताणू नये. ताण राहिला तर तेथूनच ते सोलले जाऊ लागते. सोलताना सगळे बल एका रेषेवर एकवटते. चिकटपट्टी एका टोकाने उचलून पाहा आणि मग पट्टीला समांतर ओढून पाहा. फरक हातालाच कळेल.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. या गोंदांत टोल्युईन, हेक्झेन यांसारखे द्रावक असतात. त्यांची वाफ चटकन पेट घेते. १९६० च्या दशकात जपानमध्ये चपला बनवणाऱ्या कामगारांच्या हातापायांच्या मज्जातंतूंना हेक्झेनने इजा झाल्याचे आढळले होते. बंद खोलीत रोज गोंद हाताळणाऱ्या आपल्याकडील कारागिरांनाही हा धोका आहे. हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूर करावे. बंद गाडीत कधीही करू नये आणि वर्गातल्या प्रयोगांत हा गोंद आणू नये. टपाच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीचा फळा प्रशिक्षित कारागिराकडूनच काढून घ्यावा.

चपलेचा तळ, टेबलावरचा सनमायका, वहीचे कव्हर अशा सुटलेल्या वस्तू विद्यार्थ्यांनी आणाव्यात, असे आम्ही सुचवू. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारावा: गोंद नेमका कोणत्या थरापाशी सुटला? उत्तर मिळाल्यावरच नव्या गोंदाचा डबा उघडावा.