अडीच किलोंची पायरी

संध्याकाळचे साडेसात. चेंबूर स्टेशनजवळच्या आमच्या व्यायामशाळेत बेंच एकच आणि त्याच्यासाठी थांबलेले तिघे. ‘काका, किती सेट राहिले?’ हे दुसऱ्यांदा विचारून झालंय. मी घाईघाईने बारच्या दोन्ही टोकांना सव्वा किलोची एकेक प्लेट सरकवतो. पन्नासचे साडेबावन्न होतात. तीन रेप निघतात. चौथ्याला बार अर्ध्यावर थबकतो आणि ट्रेनर दोन बोटांचा आधार देऊन तो वर नेतो. वहीत सलग पाचव्या आठवड्यात तीच नोंद : ५२.५, तीन.

सुरुवातीला असं नव्हतं. नुसत्या वीस किलोच्या बारवरून चाळीसवर यायला मला दोनच महिने लागले होते. याच चालीने वर्षअखेर शंभर, असा हिशेब मी मनात मांडूनही टाकला होता. तो चुकणारच होता. पहिल्या काही महिन्यांत वाढणारी ताकद हे बरंचसं मज्जासंस्थेचं शिक्षण असतं. आहेत त्याच स्नायूंतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायचे, बार डगमगू द्यायचा नाही, हे शरीर शिकतं. सायकल येऊ लागते तेव्हा पायांत बळ कुठे वाढलेलं असतं? हे शिकणं ओसरलं की पुढची वाढ प्रत्यक्ष स्नायूच्या वाढीवर अवलंबून राहते, आणि स्नायू महिन्यांच्या हिशेबाने वाढतो.

त्यात प्लेटचं गणित आडवं येतं. बहुतेक व्यायामशाळांत सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची, म्हणजे एका खेपेला कमीत कमी अडीच किलो वाढवायचे. शंभर किलोंचा स्क्वॉट मारणाऱ्याला ही वाढ अडीच टक्के पडते, पन्नासच्या बेंचला पाच, तीसच्या शोल्डर प्रेसला आठ टक्क्यांहून जास्त. नुसत्या बारने सुरुवात करणाऱ्या मुलीसाठी तर पहिलीच पायरी साडेबारा टक्के उंच. पायांची वजनं चढत जातात आणि खांद्यांची अडकतात, त्याचं एक कारण हे.

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांतही पूर्वी वजनं अडीच-अडीच किलोंनीच चढत. २००५ मध्ये नियम बदलला आणि ही पायरी एक किलोची झाली. तो एक किलो किती मोठा असतो, ते सांगलीच्या संकेत सरगरला विचारावं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे एकूण २४८ किलो उचलले. मलेशियाच्या खेळाडूची बेरीज २४९ झाली. जर्कच्या पुढच्या प्रयत्नांत संकेतचा कोपर दुखावला आणि सुवर्णपदक एका किलोने हुकलं. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे ते किलोकिलोने भांडतात. आपण हौशी माणसं मात्र अडीच किलो चढले नाहीत, की व्यायामच लागू पडत नाही म्हणून मोकळे होतो.

मग करायचं काय? एक, वजनाआधी रेप वाढवायचे. त्याच वजनाचे आठ रेप जमत असतील तर बारा होईपर्यंत थांबायचं, मगच प्लेट. नऊचे दहा झाले तर तीही प्रगतीच. दोन, जड सेटनंतर दोन-तीन मिनिटं बसायचं. संध्याकाळच्या गर्दीत नेमकी हीच मिनिटं आपण भिडेपोटी सोडतो, आणि पुढच्या सेटला बार खाली येतो. जमलं तर सकाळची वेळ धरावी. तीन, ताटाकडे बघायचं. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे सत्तर किलोंच्या माणसाला शंभराच्या वर. अंड्यात सहा, वाटीभर शिजलेल्या वरणातही जेमतेम तेवढीच. पोहे-चहावर हा हिशेब जुळत नाही. चार, दीड-दोन महिन्यांनी एक आठवडा वजन आणि सेट मुद्दाम कमी करायचे. झोप तर हवीच. सांध्यात कळ येत असेल तर मात्र हे अडकणं नव्हे, दुखापत समजायची आणि डॉक्टर गाठायचा.

पाचवा उपाय मी ट्रेनरचं हसू सोसून केला. मनगटाला बांधायच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या वाळूच्या दोन पट्ट्या आणल्या. एक आठवडा हलका काढला, मग पन्नासच्या बारला दोन्ही टोकांना त्या गुंडाळल्या. रांगेतला पोरगा म्हणाला, ‘काका, बारला मफलर का?’ मी दोन मिनिटं पुरती बसून घेतली आणि झोपलो बेंचवर.

वहीत लिहिलं : ५१, पाच.