स्टिअरिंगवर हात, पण लक्ष कुठे?

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभरात क्लच, ब्रेक आणि गिअर अंगवळणी पडू लागतात. परीक्षेच्या ट्रॅकवर गाडी नीट वळवता आली, की परवानाही मिळतो. चालक मात्र अजून पुरता तयार झालेला नसतो. हातपाय शिकलेले असतात. नजर आणि मेंदू यांना अजून बरेच शिकायचे असते.

अमेरिकेत मोरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी १९७२ मध्ये नवख्या आणि सराईत चालकांच्या डोळ्यांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवख्यांची नजर गाडीच्या पुढ्यातच खिळलेली होती, आरशाकडेही ती कमी जात होती. सराईतांची नजर दूरवर पोहोचत होती. गिअर बदलणे सवयीचे झाले, की मेंदूला दुसऱ्या कामासाठी सवड मिळते. हे काम म्हणजे धोका आधीच ओळखणे. थांबलेल्या एसटीपुढून कुणी रस्ता ओलांडेल, रस्त्यावर घरंगळत आलेल्या चेंडूमागे मूल धावत येईल, ही जाण अनुभवानेच येते. ब्रिटनमध्ये २००२ पासून परवान्याच्या परीक्षेत चित्रफिती दाखवून ही जाण तपासली जाते.

तिचे मोल साध्या हिशेबाने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. आडवे काही आलेले दिसणे, ते काय आहे हे कळणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यात सावध माणसालाही साधारण एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी १७ ते २५ मीटर पुढे गेलेली असते. लक्ष विचलित असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

सराईत चालकाची चूक नेमकी इथे होते. हात आपोआप चालतात, म्हणून मन दुसरीकडे गेले तरी चालेल, असे त्याला वाटते. कानात इअरफोन घालून बोलले की झाले, हा समज त्यातलाच. स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, गाडी चालवण्यासारखे काम करताना फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल नजरेतून निसटण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. फोन हातात धरला काय किंवा हात मोकळे ठेवले काय, फरक पडला नाही. डोळे रस्त्यावर होते, पण लक्ष बोलण्यात होते. शेजारी बसलेल्या माणसाला निदान रस्ता दिसतो. गर्दी आली की तो गप्प बसतो. फोनवरच्या माणसाला ते कळत नाही.

आपण मात्र या चुका करत नाही, असे बहुतेकांना वाटते. स्वेन्सन यांच्या १९८१ च्या पाहणीत अमेरिकी गटातील ९३ टक्के जणांनी स्वतःचे कौशल्य सरासरीपेक्षा वरचे ठरवले होते!

अपुरी झोप, मद्य आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी येणारी गुंगी यांचा पहिला घाव लक्षावरच बसतो. अशा वेळी गाडी चालवू नये. डुलकी येऊ लागली, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून थोडी झोप घ्यावी. फोन निघण्यापूर्वीच बंद करावा. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. पलीकडून ‘गाडी चालवतोय’ असे ऐकू आले, तर ‘पोहोचल्यावर बोलू’ एवढेच म्हणून फोन ठेवावा.