पाच दरवाजे, चार खिडक्या

काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसांचे घराशेजारचे गाव पाहावयाचे राहून जाते, असा अनुभव पुष्कळांना असेल. आमची गोष्ट याहून निराळी नव्हती. आमचा जन्म अकोल्यास गेला. अमरावतीस लग्नकार्याच्या व औषधपाण्याच्या निमित्ताने शेकडो वेळा जाणे झाले. पण ते गाव गाव म्हणून निवांतपणे पाहण्याचा योग आला नव्हता. म्हणून गेल्या मार्गशीर्षात आम्ही तिघा मित्रांनी बेत केला, की एक सबंध दिवस अमरावती पाहण्यात घालवावयाचा आणि दुसरे कसलेही काम बरोबर न्यावयाचे नाही. निघताना घरातून देवीसाठी खण-नारळाची ओटी मात्र हाती देण्यात आली. ती नाकारण्याची आमची प्राज्ञा नव्हती.

सकाळच्या गाडीने निघालो आणि बडनेऱ्यास उतरलो. मुंबई-नागपूरचा मुख्य लोहमार्ग बडनेऱ्यावरूनच गेला. अमरावतीस मागाहून फाटा काढावा लागला. त्या काळी वऱ्हाडचे सारे महत्त्व कापसाचे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) तिकडील कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण तेव्हा खरी वाटली असल्यास नवल नाही. स्थानकावर आमचे चौथे मित्र वाट पाहत होते. विदर्भ महाविद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही चौघे एका खोलीत राहत असू. 1923 साली ‘किंग एडवर्ड कॉलेज’ या नावाने सुरू झालेली ती संस्था. पुढे हे मित्र अमरावतीकरच झाले. त्या दिवशीचे यजमानपद त्यांच्याकडे होते.

“आधी परकोट पाहू, देवीचे दर्शन दिवेलागणीला,” असे त्यांनी जाहीर केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, निजामाच्या अमदानीत, पेंढाऱ्यांच्या धाडींपासून सावकार-व्यापाऱ्यांचा बचाव व्हावा म्हणून गावाभोवती हा तट उभारला गेला. त्यास पाच दरवाजे व चार खिडक्या. अंबा दरवाजा, नागपुरी, खोलापुरी, महाजनपुरी ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. पाचव्यास आता जवाहर दरवाजा म्हणतात. तट जागोजागी ढासळला असून कोठे त्याला घरे टेकली आहेत, कोठे दुकाने. भिंतीवर हात ठेवून आमच्या मनात आले, की ज्याचे घर आत तो निर्धास्त, आणि ज्याचे बाहेर त्याची प्रत्येक रात्र वैऱ्याची. आम्ही हे बोलून दाखविताच यजमान नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ संध्याकाळी कळला.

फिरून भूक लागली, तेव्हा गिला वडा खाल्ला. उडदाच्या डाळीचा गरम वडा, त्यावर दही आणि तिखट चटणी. अमरावतीस येऊन हा पदार्थ न खाता परतणारा मनुष्य आमच्या मते दयेस पात्र आहे!

तेथून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात गेलो. 1914 साली वैद्य बंधूंनी लावलेले हे रोपटे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी येथील पथकाने परदेशी प्रेक्षकांपुढे आपले देशी खेळ करून दाखविले. मैदानावर मुले मल्लखांब करीत होती. आम्ही मात्र सावलीचे बाक धरून त्यांचे कौतुक करण्याइतकाच व्यायाम केला. बोलता बोलता 1897 सालची गोष्ट निघाली. त्या वर्षी सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. आमच्या घरच्या गप्पांतून अमरावतीचे जे मोठेपण आम्ही ऐकले, ते मुख्यतः हेच.

वहिनींनी केलेल्या जेवणानंतर घटकाभर आडवे होऊन आम्ही गाडगेबाबांच्या समाधीकडे वळलो. 20 डिसेंबर 1956 रोजी बाबांनी देह ठेवला. हा पुरुष पंढरीस जाऊन वाळवंट झाडीत असे, पण विठोबाच्या गाभाऱ्याची ओढ त्याने धरली नाही. ज्यांना यात्रेत कोणी थारा देत नसे त्यांच्यासाठी त्याने पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधविली, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

दिवेलागणीला अंबादेवीच्या देवळाशी पोहोचलो. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते येथूनच, असे अमरावतीकर अभिमानाने सांगतात. हाती ओटी होती, म्हणून आम्ही सहज म्हणालो, “आमची आजी लग्न होऊन आली ती 1927 च्या सुमारास. तिची पहिली ओटी याच देवीची. गर्दीत चेंगरले तरी देवीने जवळ घेतले, असे ती सांगे.”

यजमान पायरीपाशी थांबले. “माझे आजोबाही त्याच सुमारास येथे येत. येथवर. कळसाला हात जोडीत आणि परत फिरत.”

आम्ही गप्प झालो. मग त्यांनीच सांगितले. 13 नोव्हेंबर 1927 रोजी येथील इंद्रभुवन थिएटरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली; अस्पृश्य गणलेल्यांना या देवळाचे दार मोकळे व्हावे, हा तिचा विषय. डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीत पुढे होते. परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना वडील बंधूंच्या निधनाची वार्ता कळली. आजोबा त्या सभेत मागे उभे होते.

वसतिगृहात चार वर्षे एका खोलीत काढली, एका ताटात जेवलो. पण हे त्यांनी सांगितले नव्हते. खरे म्हणजे आम्ही विचारले नव्हते. संविधानाने 1950 साली अस्पृश्यता नाहीशी केली. आमच्या घरच्या गोष्टींतून ती तशी गेलीच नाही, नुसती वगळली गेली. 1897 चे अधिवेशन आम्हांस पाठ होते, 1927 ची परिषद ठाऊक नव्हती. परकोटाच्या आतल्या माणसास बाहेरची रात्र कशी असते हे कोठून कळावे?

यजमान म्हणाले, “चला, आरतीची वेळ झाली.” ओटी आम्ही त्यांच्या हाती दिली आणि त्यांच्या मागून आत गेलो.

रात्री अकोल्यास पोहोचताच घरातून पहिला प्रश्न आला, “ओटी नीट पोहोचली ना?” आम्ही नातवंडांना जवळ बोलावले. आजीची गोष्ट त्यांना ठाऊक होतीच. तिची दुसरी बाजू आम्ही त्या रात्री प्रथमच सांगितली. ऐकून धाकटीने विचारले, “मग ते आजोबा कधी आत गेले?” हे विचारावयाचे आमच्याकडून पुन्हा राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अमरावतीस फोन लावला.