रक्तक्लथनरोधी औषधांचे प्रतिवर्तन

रक्तक्लथनरोधी (रक्त गोठण्यास विरोध करणाऱ्या) औषधांमुळे होणारा रक्तस्राव थांबविण्यासाठी त्यांचा परिणाम नाहीसा करणे म्हणजे प्रतिवर्तन होय. धातूची कृत्रिम हृदयझडप बसविलेल्या रुग्णास वॉरफॅरीन आयुष्यभर घ्यावे लागते. त्याचा परिणाम पूर्णपणे काढून घेतल्यास झडपेवर गुठळी होण्याचा मूळ धोका परत येतो. म्हणून किरकोळ स्रावात दाब देऊन व मात्रा थांबवून भागवितात. मेंदूतील अथवा प्राणघातक स्रावातच तातडीचे प्रतिवर्तन करतात.

वॉरफॅरीनवर के जीवनसत्त्व शिरेतून सावकाश देतात, कारण क्वचित तीव्र ॲलर्जी उद्‌भवते. यकृतात नवे क्लथन घटक तयार व्हावे लागत असल्याने गुण येण्यास कित्येक तास लागतात. प्रोथ्राँबीन घटकांचे संहत मिश्रण काही मिनिटांत कार्य करते, पण त्याने गुठळीचा धोका वाढतो. गोठवून ठेवलेला रक्तद्रव बराच द्यावा लागतो व त्याचा दुर्बल हृदयावर भार पडतो. हेपारिनावरील प्रोटामीनमुळे (१०० एककांस १ मिग्रॅ.) रक्तदाब घसरू शकतो. डॅबिगॅट्रानवरील इडारुसिझुमॅब हे प्रतिपिंड २०१५ मध्ये मान्यता पावले.

भोर व राजगड (पूर्वीचे वेल्हे; जि. पुणे) यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास वेळ लागतो, म्हणून औषधाचे नाव व शेवटच्या मात्रेची वेळ यांची नोंद रुग्णाजवळ असणे महत्त्वाचे ठरते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात घोणस वा फुरसे चावल्यानेही रक्तस्राव होतो. तेथे विषामुळे क्लथन घटक खर्ची पडलेले असतात. त्यामुळे के जीवनसत्त्व उपयोगी पडत नाही, प्रतिसर्पविष हाच मूळ उपाय होय.